पाच पिनांची वायर आणि आमचे पेटीमास्तर



मागे इथे दांडिया बाजारातल्या जुन्या गणेशोत्सवांच्या आठवणी निघाल्या, तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं की पेटीमास्तरांच्या त्या काळ्या कीबोर्डचं पुढे काय झालं? उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण ते शोधताना मला एका साध्या वायरचा चाळीस वर्षांचा इतिहास कळला, आणि तो आपल्या बडोद्याच्या संगीताशीही कुठेतरी जुळतो असं वाटलं. म्हणून सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

हा कीबोर्ड मंडळात १९९६ साली आला. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या गृहस्थांनी विकायला काढला होता. एकसष्ट पट्ट्या, जपानी बनावट, अंगाने जड. वर्गणी काढून घेतला. खजिनदार मीच असल्याने पावतीवर सही माझीच आहे. मास्तरांना तो मुळीच पसंत नव्हता. "ह्याला भाता नाही. ज्याला श्वास नाही ते वाद्य कसलं?" असं ते चारचौघांत म्हणाले. जन्मभर हार्मोनियम वाजवलेला माणूस. डाव्या हाताला भाता नाही, तर तो हात ठेवायचा कुठे हेच त्यांना कळेना. पहिले कित्येक दिवस तो हात नुसता मांडीवर पडलेला असे.

पुढे त्यांची बोटं संधिवाताने आखडू लागली. मेळ्याच्या मुलांची तालीम रोज दोन-दोन तास चाले, तेवढं बसणं होईना. तेव्हा त्यांना ह्या वाद्याचा एक गुण सापडला. त्यात वाजवलेलं साठवता येत होतं. दहा जागा होत्या, त्यांपैकी सात मास्तरांनी भरल्या. दोन भूपाळ्यांची साथ, मुलांच्या चार गाण्यांची साथ, आणि मेळा सुरू होताना वाजायची ती नांदी. नांदीची चाल त्यांची स्वतःची. ती कुणी लिहून घेतली नाही. एक कॅसेट होती, ती टेपरेकॉर्डरने केव्हाच गिळली. २००९ साली मास्तर गेले. मग मुलं पेन ड्राइव्हवरच्या तयार ट्रॅकवर गायला लागली आणि कीबोर्ड धोतरात गुंडाळून माळ्यावर गेला.

यंदा माळा रिकामा करायचा ठरला. दोन फाटक्या सतरंज्या, मोडका माइक-स्टँड, नाटकाचा पडदा, आणि हा. आमचे तरुण सेक्रेटरी म्हणाले, "काका, ई-वेस्टवाला येणार आहे, त्यातच देऊन टाकू." मी म्हटलं, पंधरा दिवस द्या.

घरी आणला. नात इंजिनिअरिंगला आहे, ती सुट्टीवर होती. आम्ही वीज जोडली तर पडद्यावर अक्षरं उमटली की बॅटरी संपत आली आहे. इतक्या वर्षांनी उमटली हेच नवल. रावपुऱ्यातल्या ओळखीच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागचं झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाला, "काका, सेल तो पंदर मिनिटमां बदली आपुं, पण अंदरनुं बधुं जतुं रहेशे."

म्हणजे असं, की ह्या वाद्याची सगळी स्मृती नाण्याएवढ्या एका तीन व्होल्टच्या लिथियम सेलवर जिवंत होती. सेल काढला की स्मृती कोरी. नाही काढला तरी आज ना उद्या कोरीच. मास्तरांची नांदी वाचवायची तर आधी ती त्या पेटीतून बाहेर काढायला हवी होती.

इथे एक कबुली देऊन टाकतो. त्या पहिल्याच दिवशी घरी, नात चहा आणायला आत गेली असताना, मी उत्साहाने एक तांबडं बटण दाबलं. ते रेकॉर्डचं होतं. पहिल्या जागेवरची भूपाळी गेली, तिच्या जागी चार सेकंदांची शांतता भरली. अडतीस वर्षांच्या नोकरीत न वाचता व्हाउचरवर सही केली नाही मी, आणि इथे हे! त्यानंतर नातीने मला वाद्याला हात लावायची मनाई केली, ती योग्यच होती.

आता त्या मागच्या सॉकेटांकडे वळू. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुने रेडिओग्राम किंवा टेपरेकॉर्डर होते, त्यांना ते गोल, पाच भोकांचं, अर्धवर्तुळात भोकं असलेलं सॉकेट आठवेल. जर्मनीच्या मानक संस्थेच्या नावावरून त्याला 'डिन' म्हणतात. आमच्या कीबोर्डला अशी तीन होती. एकावर 'इन', दुसऱ्यावर 'आउट', तिसऱ्यावर 'थ्रू'. १९९६ साली आमच्यातल्याच एका उत्साही सभासदाने टेपरेकॉर्डरची वायर 'आउट'मध्ये खुपसून रेकॉर्डिंग करायचा प्रयत्न केला होता. वायर चपखल बसली. आवाज मात्र अजिबात आला नाही. सॉकेट बिघडलंय असं ठरवून आम्ही तो विषय सोडून दिला. सॉकेट बिघडलेलं नव्हतं. त्या वायरीतून आवाज जातच नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं.

मग जातं काय? त्यासाठी १९८१ सालापर्यंत मागे जावं लागेल.

विजेवर चालणारी वाद्यं, ज्यांना सिंथेसायझर म्हणतात, ती तेव्हा अमेरिकेत आणि जपानमध्ये भराभर निघत होती. अडचण एकच होती. एका कंपनीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. प्रत्येकाची जोडणी वेगळी, व्होल्टेज वेगळं, प्लग वेगळा. ज्याने एका कंपनीचं घेतलं तो कायमचा तिथलाच गिऱ्हाईक. वाजवणाऱ्यांच्या भोवती चार-चार कीबोर्ड रचलेले असत आणि एकाच वेळी दोन वाजवायचे तर दोन हात दोन दिशांना.

जपानमध्ये रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना हे खटकत होतं. ओसाकाचा हा माणूस, जन्म १९३०चा, सुरुवात घड्याळदुरुस्तीपासून. रोलँड त्यांनी १९७२ साली काढली. १९८१ मध्ये त्यांनी अमेरिकेतले वाद्यनिर्माते टॉम ओबरहाइम यांच्याकडे विषय काढला की सगळ्यांनी मिळून एक भाषा ठरवू या. ओबरहाइम यांनी त्यांना कॅलिफोर्नियाच्या डेव्ह स्मिथ यांचं नाव सुचवलं. स्मिथ यांनी १९७४ साली सीक्वेन्शियल सर्किट्स ही लहानशी कंपनी काढली होती आणि त्यांचं प्रॉफेट-५ हे वाद्य नावाजलेलं होतं. त्याच वर्षी स्मिथ यांनी आपले सहकारी चेट वूड यांच्यासह ऑडिओ इंजिनिअरांच्या परिषदेत एका समाईक जोडणीचा आराखडा मांडला. पुढे रोलँड, यामाहा, कॉर्ग, कावाई आणि सीक्वेन्शियल यांच्यात खल होऊन त्याला आजचं रूप आलं. नाव ठरलं म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, म्हणजेच मिडी.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथे वाद्य-व्यापाऱ्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे अमेरिकेचं प्रॉफेट-६०० आणि जपानचं ज्युपिटर-६ एका वायरने जोडून दाखवली. एकावर बोट ठेवलं की दुसरं वाजत होतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्या, दोन देश, आणि एक साधी वायर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडीचे नियम छापून प्रसिद्ध झाले. मुख्य म्हणजे त्यावर कुणी हक्क-रॉयल्टी ठेवली नाही. ज्याला हवं त्याने वापरावं. पुढे २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना ह्या कामासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये.

बँकेतल्या माणसाला ह्याचं मोल लगेच कळतं. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडे प्रत्येक बँकेचा चेक वेगळ्या आकाराचा, वेगळ्या मांडणीचा असे. मग चेकच्या तळाशी चुंबकीय शाईचे आकडे आले, सगळ्यांचा आकार एक झाला, आणि कुठल्याही बँकेचा चेक त्याच यंत्रातून जाऊ लागला. बँका एकमेकींच्या स्पर्धकच राहिल्या, पण क्लिअरिंग हाउसमध्ये सगळ्यांची भाषा एक. मिडीने वाद्यांसाठी तेच केलं.

आणि वायरीतून काय जातं तेही बँकेच्याच उदाहरणाने सांगतो. तुम्ही बडोद्याहून पुण्याला डिमांड ड्राफ्ट पाठवला, तर इथल्या तिजोरीतल्या नोटा काही पुण्याला जात नाहीत. जाते ती सूचना, की अमुक माणसाला अमुक रक्कम द्या. नोटा पुण्याच्या शाखेतल्याच मिळतात. मिडीतही आवाज जात नाही. "अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने" एवढीच सूचना जाते. मग "ती पट्टी सोडली" ही दुसरी. आवाज काढायचा तो पलीकडच्या वाद्याने, स्वतःच्या तिजोरीतून. म्हणूनच आमच्या टेपरेकॉर्डरला काही ऐकू आलं नव्हतं. त्याला सूचना वाचताच येत नव्हत्या.

पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक. पियानोच्या मधला 'सी' म्हणजे ६०. दाबाचा जोरही १ ते १२७. एका वायरीवर सोळा वाहिन्या, म्हणजे एकाच हॉलमध्ये सोळा काउंटर. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. आजच्या हिशेबाने हा वेग म्हणजे बैलगाडी. पण एका स्वराची सूचना तीनच बाइटांची असते आणि ती जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दहा बोटांच्या माणसाला तेवढं पुरून उरतं. पाच पिनांपैकी वापरात फक्त तीन. आणि प्रत्येक 'इन' सॉकेटच्या आत एक प्रकाशाचा चिमुकला दिवा आणि त्याला बघणारा डोळा बसवलेला असतो. सूचना विजेतून प्रकाशात आणि परत विजेत येते, त्यामुळे दोन वाद्यांच्या विजेचा एकमेकांशी थेट संबंध येत नाही आणि स्पीकरमधून घरघर येत नाही. ही युक्ती १९८३ची. आजही तशीच चालते.

आता हे वाचून कुणी म्हणेल, ही परदेशातली कथा झाली. पण विचार करा, ध्वनी न पाठवता ध्वनीची सूचना लिहून पाठवणं म्हणजे काय? म्हणजे स्वरलिपी. आणि स्वरलिपीच्या बाबतीत आपलं बडोदं कुणाच्या मागे नाही. मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलिपी बसवून संगीत शाळेच्या फळ्यावर आणलं. हजरत इनायत खान हे त्यांचेच नातू. १९१६ साली पंडित भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. तेव्हा जुन्या खाँसाहेबांचा आक्षेप असायचा की गाणं कागदावर उतरतं का? मींड कशी लिहाल? श्रुती कुठे लिहाल?

मिडीवरचा आक्षेपही अगदी हाच आहे. तो पट्टी ओळखतो. दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्याला सहज कळत नाही. स्वर वाकवायची सोय आहे, चांगल्या १६,३८४ पायऱ्यांची आहे, पण ती त्या वाहिनीवरच्या सगळ्या स्वरांना एकदमच वाकवते. खरं म्हणजे हाच आरोप हार्मोनियमवरही झाला होता. त्यापायी आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. मास्तरांना ते फार लागलेलं होतं. कीबोर्डला नावं ठेवताना आपण पेटीला नावं ठेवणाऱ्यांचीच भाषा बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

आपल्या देशात ही वाद्यं आली त्याची कथाही रंजक आहे. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला होता. मुंबईच्या सिनेसंगीतात केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात सिंथेसायझर आणला. १९८२ साली चरणजितसिंग यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या तालावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, पण कित्येक वर्षांनी परदेशात तिची चर्चा झाली. लक्षात घ्या, मिडी यायच्या उंबरठ्यावरचं वर्ष होतं ते.

त्यानंतर संगणक आले. १९८५च्या अटारी एसटी संगणकाला मिडीची सॉकेटं अंगचीच होती, म्हणून युरोपातल्या स्टुडिओंत तो वर्षानुवर्षे टिकला. नव्वदच्या दशकात साउंड कार्डावर जॉयस्टिकची पंधरा पिनांची जागा असे, तिच्यातूनही मिडी निघे. १९९१ साली 'जनरल मिडी' नावाने १२८ वाद्यांची यादी ठरली, की कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर त्याच क्रमांकाला तेच वाद्य यावं. त्या यादीत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर आपली सनई. हार्मोनियम नाही! तबला नाही! मास्तरांना कळलं असतं तर त्यांनी एक पत्र नक्की लिहिलं असतं.

१९९९ मध्ये यूएसबीमधून मिडी कसा न्यायचा त्याचे नियम ठरले. तिथून पाच पिनांचं सॉकेट हळूहळू मागे पडत गेलं आणि नवीन कीबोर्डांना चौकोनी यूएसबीची जागा आली. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती आली. तीत प्रत्येक स्वर वेगळा वाकवता येतो आणि दाबाच्या पायऱ्या १२७ वरून पासष्ट हजारांवर गेल्या. पण पहिली भाषा मोडीत काढलेली नाही. १९८३चं वाद्य आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतं. बँकेत मी लेजर पोस्टिंग मशीनपासून कोअर बँकिंगपर्यंत चार वेळा सगळं नव्याने शिकलो. चाळीस वर्षं जुनं यंत्र आजच्या यंत्राशी बोलतंय, असं मी तिथे एकदाही पाहिलं नाही.

आता परत आमच्या डायनिंग टेबलावर या.

नातीने सगळ्यात स्वस्त वायर मागवली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पाच पिनांचे दोन प्लग, 'इन' आणि 'आउट' लिहिलेले. आम्ही 'इन' लिहिलेला प्लग 'इन'मध्ये लावला, 'आउट' लिहिलेला 'आउट'मध्ये. काही नाही. अर्धा तास गेला. मग लक्षात आलं की वाद्यातून बाहेर जाणारी गोष्ट संगणकाच्या आत यायला हवी. माझी जावक ती तुमची आवक. प्लग उलटे केले आणि लॅपटॉपच्या पडद्यावर स्वरांचे ठिपके दिसू लागले.

पुढची अडचण मोठी होती. स्मृती जशीच्या तशी बाहेर काढायला वाद्यात एक सोय असते, सगळा साठा एका दमात पाठवायची. सुटे स्वर स्वस्त वायरीतून नीट जात होते, पण हा गठ्ठा अर्ध्यातच तुटायचा. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा फाइल वेगळ्या आकाराची. हिशेब जुळत नाही म्हटल्यावर मी तरी पुढे जाऊ देणार नव्हतो. रावपुऱ्याच्या भाईंनी सांगितलं की अशा वायरींत सूचना साठवून पुढे ढकलायची जागाच लहान असते. मग चौपट किमतीचा बरा इंटरफेस आणला. साधारण वीस सेकंदांत गठ्ठा आला. पुन्हा घेतला. दोन्ही फाइलींचा आकार बाइटाला बाइट जुळला. तेव्हा कुठे मी उठून हिंचक्यावर जाऊन बसलो.

पण हा गठ्ठा म्हणजे सीलबंद पाकीट. तो फक्त त्याच जातीच्या वाद्याला वाचता येतो. म्हणून दुसरं काम केलं. वाद्यात एकेक गाणं लावायचं आणि ते वाजत असताना 'आउट'मधून निघणारे स्वर संगणकात टिपायचे. अशी सहा गाणी सहा साध्या मिडी फाइलींत आली. त्या कुठेही उघडतात. इथे एक गंमत झाली. प्रत्येक स्वर दोनदा वाजायचा, कारण लॅपटॉप आलेला स्वर परत वाद्याला पाठवत होता. ते परत पाठवणं बंद केलं, आणि झालं.

मग सेल बदलला. भाईंनी जुना डाखलेला सेल काढून सेलची खोबणीच बसवून दिली, म्हणजे पुढच्या वेळी डाखणं नको. घरी आणून गठ्ठा उलट दिशेने पाठवला. वाद्य घेईना. आतलं काही चुकून पुसलं जाऊ नये म्हणून स्मृतीला कुलूप घातलेलं असतं, ते उघडायचं राहिलं होतं. उघडलं. सहाही गाणी जागेवर. सातवी जागा माझ्या कृपेने रिकामीच.

ह्या फाइली पडद्यावर उघडून बघताना मला जे दिसलं, ते ऐकून कधी कळलं नसतं. मास्तरांच्या बहुतेक स्वरांचा जोर साठ ते ऐंशीच्या मध्येच. पियानो शिकलेला माणूस तीसपासून एकशे दहापर्यंत जातो. मास्तरांचं तसं नाही, कारण पेटीत जोर बोटात नसतो, भात्यात असतो. जन्माची सवय. डाव्या हाताचे स्वर पहिल्या तीन गाण्यांत जवळजवळ नाहीतच, चौथ्यापासून खालचा षड्ज धरायला तो हात येतो. म्हणजे मांडीवरचा हात पट्ट्यांवर केव्हा आला, तेसुद्धा त्यात नोंदलेलं आहे.

मास्तरांची मुलगी इंदूरला दिलेली आहे. तिला नांदीची फाइल पाठवली. जावयांनी लॅपटॉपवर हार्मोनियमचा आवाज लावून वाजवली. संध्याकाळी तिचा फोन आला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, अंतऱ्याच्या आधी बाबा असेच घाई करायचे. आई नेहमी ओरडायची त्यांना."

मी फाइल उघडून पाहिली. खरंच, अंतऱ्याच्या आधीचे चार स्वर तालाच्या रेघेच्या किंचित अलीकडे पडले आहेत. ते सरळ करायची सोय संगणकात एका बटणाची आहे. नातीला सांगून ठेवलंय, त्या बटणाला हात लावायचा नाही.

ज्यांच्या घरी असं जुनं वाद्य माळ्यावर असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं सांगतो. मागे पाच पिनांचं सॉकेट असेल तर वाद्य आजच्या संगणकाशी जोडता येतं. इंटरफेस बरा घ्या आणि प्लग उलटसुलट लावायचे हे लक्षात ठेवा. अ‍ॅडॉप्टर हरवला असेल तर दुसरा लावण्याआधी व्होल्ट आणि मधल्या पिनेचं चिन्ह, अधिक की उणे, वाद्यावर बघून घ्या. उलटा लागला तर वाद्य जळू शकतं. दोन नवी वाद्यं यूएसबीने थेट एकमेकांना जोडून चालत नाहीत. दोन्ही हुकूम घेणारी, हुकूम देणारं कुणी नाही. मध्ये संगणक किंवा त्यासाठीची वेगळी पेटी लागते. काही नव्या लहान वाद्यांना हेडफोनसारखं बारीक सॉकेट असतं, त्यातूनही मिडीच जातो. त्यासाठी पाच पिनांची जोड-वायर मिळते. तिचे दोन प्रकार आहेत, २०१८ पासून 'ए' प्रकार प्रमाण ठरला आहे, तर विचारून घ्या. लॅपटॉपवर स्वर उशिरा वाजत असेल तर दोष बहुधा वायरीचा नसतो, आवाजाच्या ड्रायव्हरचा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेल बदलण्याआधी आतलं बाहेर काढा. तांबड्या बटणापासून माझ्यासारख्यांना लांब ठेवा.

मंडळाच्या बैठकीत ई-वेस्टचा ठराव मागे घेतला. यंदा मेळ्याच्या सुरुवातीला मास्तरांची नांदी वाजेल, कीबोर्ड स्टेजवर ठेवूनच. नात ती आता स्वरलिपीत उतरवून काढते आहे, भातखंडे पद्धतीने, म्हणजे वीज नसली तरी मुलांना शिकता येईल.

एक विनंती. गेलेली भूपाळी कुणाला आठवत असेल, १९९८ ते २००८ मधल्या मेळ्यात जी मुलं गात होती त्यांच्यापैकी कुणाला, तर फोनवर गुणगुणून पाठवा. सूर कच्चा असला तरी फावेल. बाकीचं आम्ही बघून घेऊ.